कॅसिनो, वळिवडे आणि आपल्या गावची पोरं

गांधीनगरला लग्नाचा बस्ता बांधायला कधीच गेला नाही असा माणूस कोल्हापुरात शोधून सापडायचा नाही. होलसेलची दुकानं, गर्दी, गाडी लावायला जागा नाही, सगळं आपल्या सवयीचं. पण त्याच वळिवडे-गांधीनगरच्या माळावर १९४३ ते १९४८ या काळात जवळपास पाच हजार पोलिश माणसं राहत होती हे आता जुन्या लोकांना आणि थोडंफार वाचणाऱ्यांनाच माहीत आहे. बहुतेक बायका आणि पोरं. १९४० मध्ये स्टॅलिनच्या राजवटीनं त्यांना राहत्या घरातनं उचलून सायबेरिया, कझाकस्तानकडं नेऊन टाकलं, वाटेत आणि तिथं थंडीनं-उपासमारीनं किती गेले त्याला गणती नाही, मग हिटलर रशियावर उलटल्यावर त्यांना सोडलं, आणि इराणमार्गे फिरत फिरत ही माणसं आपल्या कोल्हापूर संस्थानात येऊन टेकली. बराकी उभ्या राहिल्या, शाळा निघाल्या, चर्च झालं. महावीर गार्डनमध्ये त्यांचं स्मारक आहे, रोज सकाळी फिरायला येणारी शेकडो माणसं त्याच्या शेजारनं जातात. पोलिश लोक निघून जायच्या सुमाराला फाळणी झाली आणि त्याच बराकींत सिंधी निर्वासित येऊन राहिले, त्यांनीच पुढं ही बाजारपेठ वाढवली. म्हंजे एकाच माळावर, पाच वर्षांच्या आत, दोन वेगवेगळ्या खंडांत उद्ध्वस्त झालेली घरं येऊन थांबली.

आता यातला पुढचा धागा बघा. या वळिवड्यातल्या कितीतरी बायकांचे नवरे, पोरांचे बाप आणि मोठे भाऊ सायबेरियातनं सुटल्यावर जनरल अँडर्सच्या पोलिश फौजेत भरती झाले होते. ती फौज १९४४ मध्ये इटलीत होती, मोंते कॅसिनोच्या डोंगराखाली. जानेवारी ते मे अशा चार लढाया त्या एका डोंगरासाठी झाल्या. दोस्त राष्ट्रांकडचे साधारण ५५ हजार मेले-जखमी झाले, जर्मनांचे २० हजारांच्या आसपास. १५ फेब्रुवारीला दोस्तांच्या विमानांनी वरचा शेकडो वर्षं जुना मठ बॉम्ब टाकून पाडला, आत जर्मन सैनिक आहेत या समजुतीनं, आणि मेली ती आत आसऱ्याला आलेली गावातली माणसं. शेवटी १८ मेला पोलिश सैनिकांनी मठावर झेंडा लावला. त्या एका लढाईत त्यांचे नऊशेच्या वर जवान गेले. आणि त्याच मे महिन्यात, त्याच डोंगराच्या पायथ्याशी, गारी नदी ओलांडून ८ वी इंडियन डिव्हिजन लढत होती, तिच्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीची पलटण होती. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरीकडची पोरं.

हे मला जेव्हा नीट कळलं तेव्हापासून ते डोक्यातनं जात नाही. लढाई इटलीत. पण तिच्या तारा येणार त्या वळिवड्याच्या बराकीत आणि तिथनं काही मैलांवरच्या कागल, गडहिंग्लज, शिरोळच्या गावांत. एक पोलिश बाई आणि एक मराठी बाई, एकमेकींची भाषा येत नाही, एकमेकींना बाजारात बघितलं असेल नसेल, आणि दोघींचा जीव एकाच डोंगराला टांगलेला. लढाई किती मोठी हे विचारलं की आपण रणगाडे मोजतो, मैल मोजतो, मेलेले सैनिक मोजतो आणि पुस्तक मिटतो. माझं म्हणणं एवढंच आहे की हा हिशेब अर्धवट आहे आणि तो आपण मुद्दाम अर्धवट ठेवतो, कारण पूर्ण केला तर युद्धाबद्दल आपण आज ज्या सहजतेनं बोलतो तसं बोलताच येणार नाही.

गेल्या वर्षी, म्हंजे २०२५ च्या मे महिन्यात, पहलगामच्या हत्याकांडानंतर ७ ते १० मे असे चार दिवस जे चाललं होतं तेव्हा आपल्याकडचे ग्रुप आठवा. पहलगामला २६ माणसं मारली, त्यात सहा आपल्या महाराष्ट्रातली, राग यायलाच पाहिजे, मलाही आला. पण त्या चार रात्री काही चॅनलवर कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या बातम्या चालल्या, त्या नंतर खोट्या निघाल्या, आणि तोवर आमच्या तालमीच्या ग्रुपवर लोक "आता थांबायचं न्हाई, लाहोरला चहा प्यायचा" असं लिहीत होते. त्याच वेळी पूंछमध्ये सीमेपलीकडनं तोफगोळे पडत होते आणि घराघरांत साधी माणसं मरत होती, लहान पोरं पण. त्यांची नावं आमच्या ग्रुपवर कुणी टाकली नाहीत. त्या ग्रुपवर दोन माजी सैनिक आहेत. ते चारही दिवस गप्प होते. शेवटी एकानं फक्त विचारलं, "पूंछला आपल्या कोणाचं पोरगं आहे का पोस्टिंगला?"

त्या प्रश्नात सगळं आलं.

आता आकडे घेऊ, कारण आकड्यांशिवाय बोललं की लोक भावनिक म्हणून बाजूला सारतात. कारगिल, १९९९. ५२७ जवान गेले हे बऱ्याच जणांना पाठ आहे. १,३६३ जखमी झाले हे किती जणांना माहीत आहे? १९७१ ला अधिकृत आकडा ३,८४३ मृत आणि ९,८५१ जखमी. दोन्ही ठिकाणी भागाकार करून बघा, एका मृत्यूमागं अडीच जखमी, अगदी जवळजवळ सारखं प्रमाण, २८ वर्षांच्या अंतरानं. म्हंजे आपण जो आकडा भाषणात वापरतो तो खऱ्या हिशेबाचा तिसरा हिस्सासुद्धा नाही. आणि जखमी म्हंजे काय तर बातमीच्या भाषेत खरचटल्यापासून दोन्ही पाय जाण्यापर्यंत सगळं एकाच शब्दात.

आमच्या भावकीतले एक आण्णा आहेत. २००२ साली राजस्थानात, ऑपरेशन पराक्रमच्या वेळी, सुरुंगावर पाय पडला, गुडघ्याखालनं गेला. संसदेवरच्या हल्ल्यानंतर फौजा सीमेवर नेऊन दहा महिने उभ्या केल्या होत्या, युद्ध झालंच नाही. पण त्या न झालेल्या युद्धात ७९८ जवान गेल्याचं सरकारनं संसदेत सांगितलं होतं. कारगिलपेक्षा जास्त. त्यातले बरेच सुरुंग लावताना आणि काढताना, अपघातांत. आण्णांचा पाय पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरचा आहे, चांगला आहे, त्याबद्दल त्यांची काही तक्रार नाही. पण उन्हाळ्यात त्या सॉकेटमध्ये घाम साठतो, मोजा भिजतो, कातडी सोलते, मग आठ-आठ दिवस पाय लावताच येत नाही. उसाला पाणी सोडलं की सरीत पाय रुतून बसतो, काढताना तोल जातो, म्हणून पाणी पाजायला वहिनी जातात, रात्रीची लाइट असली तरी. वीस-बावीस वर्षं वहिनी रात्री शेतात एकट्या जातात, बॅटरी घेऊन. ही किंमत कुठल्या हिशेबात लिहिली आहे? आण्णा जखमींच्या आकड्यात एक म्हणून तरी असतील. वहिनी कुठंच नाहीत.

आणि हे नवीन नाही. खडकीला जाऊन बघा, तिथं क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे, १९१७ साली पहिल्या महायुद्धातनं अपंग होऊन आलेल्या हिंदी सैनिकांना काहीतरी हातकाम शिकवायला काढलेली संस्था, ती शंभर वर्षांनंतरही चालू आहे कारण तिथं येणारी माणसं थांबलेली नाहीत. कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चं, कॅसिनोच्याच सालचं. पाठीचा कणा दुखावून कमरेखालनं लुळ्या पडलेल्या जवानांसाठी खडकीलाच पॅराप्लेजिक सेंटर आहे, ते १९७४ चं. प्रत्येक मोठ्या लढाईमागनं एक संस्था, आणि कुठलीच बंद करायची वेळ आली नाही. आपल्या शेजारच्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. मधली पंचेचाळीस-शेहेचाळीस वर्षं आपल्यातल्या किती जणांना त्यांचं नाव माहीत होतं? ते पेटकर होते म्हणून निदान उशिरा तरी कळलं. त्यांच्याच वॉर्डात शेजारच्या खाटेवर जे होते, ज्यांना कुठलंच पदक मिळालं नाही, त्यांचं काय झालं हे विचारायचं आपल्याला सुचतसुद्धा नाही.

आधुनिक युद्धात तर एका दिवसात एवढी माणसं जातात की आकड्याचा अर्थच लागेनासा होतो. १ जुलै १९१६, फ्रान्समधली सोम नदी. एका दिवसात ब्रिटिशांचे ५७,४७० मेले, जखमी किंवा बेपत्ता झाले, त्यातले १९,२४० मृत. इंग्लंडमधल्या अ‍ॅक्रिंग्टन गावाची एक पलटण होती, शेजारीपाजारी, कारखान्यातले सोबती, भाऊ-भाऊ, एकत्र नाव घातलेले. सातशेच्या आसपास पुढं गेले आणि अर्ध्या तासात त्यातले साडेपाचशेहून जास्त पडले. शेकडो घरांत एकदमच वाईट बातमी. आपल्याला हे लांबचं वाटायला नको, कारण आपल्याकडची भरती पण गावावर आणि भावकीवरच चालत आली आहे. शिरोळ तालुक्यातलं सैनिक टाकळी घ्या, घरटी फौजी, पिढ्यान्‌पिढ्या, म्हणून गावाच्या नावातच सैनिक आलं. साताऱ्याचं अपशिंगे मिलिटरी घ्या, एकट्या पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण गेले, तिथं स्तंभ आहे. छोट्या गावातनं ४६ तरणीताठी माणसं काढा आणि पुढची तीस वर्षं त्या गावाची शेती, लग्नं, म्हातारी माणसं कशी चालली असतील याचा विचार करा.

पण मला सगळ्यात जास्त चीड येते ती बसऱ्याची गोष्ट वाचून. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हंजे आजच्या इराकमध्ये, सहावी पुणे डिव्हिजन गेली होती, तिच्यात मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ ला बगदादजवळ मार खाऊन ती कूत-अल-अमारा गावात मागं आली आणि तिथं तुर्कांच्या वेढ्यात सापडली. १४७ दिवस. १०३ वी आणि ११० वी मराठा त्या वेढ्यात होती. धान्य संपलं, घोडे कापून खायची वेळ आली, हिंदी जवानांनी धर्मामुळं बरेच दिवस ते मांस नाकारलं आणि अंगातलं बळ गेलं. त्यांना सोडवायला बाहेरनं ज्या फौजा पाठवल्या त्यांचेच २३ हजारांच्या आसपास मेले-जखमी झाले, आत अडकलेल्यांच्या जवळजवळ दुप्पट! वेढ्यातल्यांना सोडावं म्हणून तुर्कांना २० लाख पौंड देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत. २९ एप्रिल १९१६ ला १३ हजार जण शरण गेले. मग त्यांना वाळवंटातनं चालवत नेलं, रेल्वेच्या कामाला जुंपलं, आणि त्यातले हजारो परत आले नाहीत.

युद्धानंतर बसऱ्याला स्मारक बांधलं. गोऱ्या सैनिकांची नावं कोरली. हिंदी अधिकाऱ्यांची कोरली. आणि साध्या हिंदी जवानांचं काय, तर पलटणीचं नाव आणि पुढं फक्त संख्या. ३३ हजारांच्या वर माणसं नुसती संख्या म्हणून. कागदोपत्री नावं होती बरं का, दगडावर घातली नाहीत. २०२१ मध्ये कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशननं स्वतःच अहवाल काढून कबूल केलं की आशिया-आफ्रिकेतल्या अशा ४५ ते ५४ हजार मृतांना कमी प्रतीची वागणूक मिळाली, आणि निदान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसांची नावानं नोंदच झाली नाही किंवा कसलीच झाली नाही. त्यांनी माफी मागितली. शंभर वर्षांनी. ज्या आईनं पोरगं पाठवलं तिला तो कुठं मेला हे कळलं नाही, आणि दगडावर त्याचा नंबरसुद्धा नाही, नंबरांच्या बेरजेत तो कुठंतरी.

इंग्रजांचं होतं म्हणून झालं असं म्हणून हात झटकायला आपल्याला जागा नाही. १९७१ चे ५४ भारतीय सैनिक अजून बेपत्ताच्या यादीत आहेत, त्यांच्या घरच्यांनी पन्नास वर्षं कागद घेऊन हेलपाटे मारले. पाकिस्तानानं तर कारगिलला आपले सैनिक लढतायत हेच आधी मानलं नाही, नॉर्दर्न लाइट इन्फन्ट्रीच्या जवानांचे मृतदेह घ्यायला तयार नव्हते, कितीतरी जणांना आपल्या सैन्यानं तिथंच पुरलं. ४५३ नावं त्यांच्या सैन्यानं वेबसाइटवर टाकली ती २०१० साली. अकरा वर्षं त्या घरांना काय सांगितलं असेल? शत्रूचे म्हणून मला ते सोडून देता येत नाही, गिलगिटच्या डोंगरातली ती पण शेतकऱ्याचीच पोरं.

लोक म्हणतात, युद्ध काय कुणाला हौस असते का, काही लढाया लढाव्याच लागतात. मान्य. हिटलरला कुणीतरी अडवायलाच पाहिजे होतं, आणि १९७१ ला पूर्व बंगालमध्ये जी कत्तल चालली होती ती आपण हात बांधून बघत बसलो असतो तर ते पापच होतं. मी सैन्य नको म्हणणारा माणूस नाही, आमच्या घरातली दोन पोरं आज वर्दीत आहेत. पण लढाई लढावी लागते म्हणून तिचा हिशेब ठेवायचा नाही, हे कुठलं लॉजिक? उलट जी लढाई न्यायाची आहे तिचा हिशेब आपण जास्त चोख ठेवायला पाहिजे. दवाखान्याचं बिल आलं की आपण ओळ न ओळ तपासतो आणि इथं एवढी माणसं गेली तर नुसती बेरीज वाचून पुढं जातो.

दुसरं म्हणतात की असं बोललं की जवानांचं मनोधैर्य खचतं. माझा अनुभव उलटा आहे. फौजेतनं आलेला माणूस जेवढं मोजूनमापून बोलतो तेवढं आपण कुणी बोलत नाही. त्याला माहीत असतं कुठलं हत्यार काय करतं. खचायचं असेल तर तो तेव्हा खचतो जेव्हा पंधरा ऑगस्टला शाल-नारळ देऊन झाल्यावर पेन्शनच्या एका कागदासाठी त्याला चार टेबलं फिरवतात.

आणि ही किंमत कोण मोजतं ते पण स्पष्ट बोलू. पहाटे पाचला विद्यापीठाच्या रस्त्यावर जी पोरं पळत असतात, अकॅडमीचे टी-शर्ट घालून, ती चंदगड-आजरा-भुदरगडची, दीड-दोन एकरवाल्यांची आहेत. देशप्रेम आहेच त्यांच्यात, पण घरात एक पक्का पगार यावा हे पण आहे. २०२२ पासून अग्निवीर आलं, चार वर्षं, आणि त्यातल्या पंचवीस टक्क्यांनाच पुढं कायम करणार. ज्यांची पोरं तिकडं जाणार नाहीत ते सगळ्यात मोठ्यानं लढाई मागतात, हे मी कुणाला हिणवायला लिहीत नाही, आपण सगळ्यांनी एकदा स्वतःच्या घरात बघून बोलावं म्हणून लिहितोय. रशियाच्या सैन्यातसुद्धा आपली पोरं सापडली, एजंटांनी नोकरीच्या नावावर नेलेली कितीतरी. जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयानं सांगितलं की १२६ भारतीय तिकडं गेले होते, त्यातले १२ मेले आणि १६ बेपत्ता. युक्रेनशी आपलं काय वैर होतं? युक्रेनमधल्या बाखमुत नावाच्या एका मध्यम गावासाठी स्वतःची २० हजार माणसं मेली असं वॅग्नर या रशियाच्या भाडोत्री फौजेच्या प्रमुखानं, प्रिगोझिननं, २०२३ मध्ये सांगितलं, त्यातली निम्मी तुरुंगातनं आणलेले कैदी. तिथं पण गरीबच पुढं.

सामान्य माणसांचा हिशेब तर त्याहून वाईट. २०१६-१७ ला मोसूल शहर आयसिसकडनं परत घेताना ९ ते ११ हजार नागरिक मेल्याचं पत्रकारांनी शवागाराच्या नोंदी आणि याद्या धुंडाळून काढलं, सरकारनं सांगितलेला आकडा त्याच्या जवळपासही नव्हता. गाझात तर साठ हजारांच्या वर गेला आकडा. १९४३ ला बंगालमध्ये तीस लाखांच्या आसपास माणसं भुकेनं मेली, तिथं एकही मोठी लढाई झाली नव्हती, पण तो महायुद्धाचाच बळी आहे.

जपानच्या ओकिनावात १९९५ ला एक स्मारक केलंय ते मला पटतं. १९४५ च्या तिथल्या लढाईत मेलेल्या सगळ्यांची नावं काळ्या दगडांवर आहेत, जपानी सैनिक, अमेरिकन सैनिक, कोरियन, आणि सगळ्यात जास्त ओकिनावातली साधी माणसं. दोन लाख चाळीस हजारांच्या वर नावं. नवीन नाव सापडलं की अजून कोरतात. कोण आपला कोण परका हा प्रश्नच ठेवला नाही.

एवढं मोठं काम आपल्याला जमेल न जमेल. पण कोल्हापूर जिल्ह्यातल्या प्रत्येक गावाला स्वतःची यादी करता येते आणि ती आत्ता केली पाहिजे, कारण १९६५ आणि ७१ ला लढलेली माणसं सत्तरी-ऐंशीच्या पुढं गेलीत. फक्त हुतात्म्यांची यादी नको, ती आहे, चौकात कमान पण आहे. जखमींची करा, कुठल्या साली, कुठं, काय गेलं. बेपत्तांची करा. पहिल्या-दुसऱ्या महायुद्धात गेलेल्यांची करा, वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या वेबसाइटवर नाव टाकून शोधता येतं, स्पेलिंग इंग्रजांनी वाटेल तसं लिहिलंय तेव्हा दोन-चार प्रकारे टाकून बघावं लागतं. घरात मागं कोण राहिलं, शेत कुणी केलं, शाळा कुणाची सुटली हे प्रत्येक नावापुढं लिहा, बायकांची नावं घालून लिहा. वळिवड्याच्या पोलिश लोकांबद्दल तिथल्या म्हाताऱ्या माणसांना आठवतंय तेवढं पण त्यात घ्या. पुढच्या वेळी ग्रुपवर लाहोरचा विषय निघाला की ही यादी टाकता येईल. ग्रामपंचायतीचं एक रजिस्टर, मोबाइल चालवणारी दोन पोरं आणि गावातला एखादा जुना सुभेदार एवढ्यावर हे काम सुरू होतं, आमच्या गावात या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सुरू करतोय, आणि पहिल्या पानावर आण्णांच्या खाली वहिनींचं नाव असणार आहे.